वऱ्हाड आणि वर्‍हाड

छोटीचं लग्न ठरलं तेव्हा घरात कामं वाटल्या गेली, म्हणजे बाबांनी वाटली. आईकडे साड्या आणि देणंघेणं, बाबांकडे लॉन आणि केटरर, पुण्याच्या दादाकडे पैसे (हे कोणी तोंडाने बोललं नाही), आणि माझ्याकडे "ते कॉम्प्युटरचं". ते कॉम्प्युटरचं म्हणजे नेमकं काय ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, उलट मीच म्हटलं की आपण सगळं क्लाउडवर टाकू, एकच फोल्डर, सगळ्यांना दिसेल, सगळ्यांना लिहिता येईल. कूलरच्या ताट्या बदलायला माणूस आला होता, बाबा त्याच्याशी घासाघीस करून राहिले होते, त्यातूनच मान वळवून म्हणाले, "कर." तेवढ्यावर मी केलं.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. बाबा ३४ वर्षं सरकारी नोकरीत होते, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी खऱ्या, मूळ प्रत आणि स्थळप्रत. मूळ प्रत समोरच्याला जाते, स्थळप्रत आपल्या फाईलला लागते, आणि ज्या पत्राची स्थळप्रत नाही ते पत्र कधी गेलंच नाही. आमच्याकडे दूधवाल्याच्या हिशोबाचीसुद्धा स्थळप्रत आहे. आणि अशा माणसाला मी सांगून राहिलो होतो की बाबा, आता फाईल एकच राहील.

पहिला आठवडा झकास गेला. "छोटीचं लग्न" नावाचं फोल्डर, त्यात "वऱ्हाड" नावाचं फोल्डर, त्यात पाहुण्यांची एक्सेल शीट. नाव, गाव, माणसं किती, पत्रिका दिली का. आई फोनवरून भरायची, बाबा डेस्कटॉपवरून, दादा पुण्याहून.

मग दादाचा फोन. "अबे, वऱ्हाडचं फोल्डर कुठे आहे?"

"समोरच आहे ना."

"नाही आहे. सर्च केलं, काही येत नाही."

मी म्हटलं नीट शोध, तो म्हणाला मी इथे कंपनीत बसून चाळीस माणसांची टीम सांभाळतो, मला फोल्डर शोधता येत नाही का. मोठा भाऊ आहे, सोडून दिलं. त्याने त्याच्या फोनवरून नवीन फोल्डर बनवलं. नाव? वऱ्हाड.

आता झालं काय की एकाच ठिकाणी, एकाच नावाची, शेजारीशेजारी दोन फोल्डरं. ना मागे (१), ना कॉपी, काही नाही. जुळी बसतात तशी बसलेली. मला आधी वाटलं ॲपच बिघडलं, एका जागी एका नावाची दोन फोल्डरं कशी राहतील? रात्री दीडपर्यंत जागलो. शेवटी वैतागून दोन्ही नावं कॉपी केली आणि एक्सेलमध्ये अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावला. एकाची आली ६, दुसऱ्याची ७.

भूत आहे हे. पण नाही, भूत नाही, आपली मराठीच आहे. वऱ्हाडमधला जो र आहे ना, डोक्यावर न बसता ह ला आडवा चिकटणारा, तो टाईप करायच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेतात आणि त्याला हलन्त लावतात. काही कीबोर्ड साधा र घेतात, हलन्त लावतात आणि मग न दिसणारा एक जोडणारा कॅरेक्टर टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखंच. हे बघा, दोन्ही टाकतो: वऱ्हाड, वर्‍हाड. दाखवा फरक. पण कॉम्प्युटर डोळ्याने कुठे वाचतो, तो नंबर वाचतो, त्याच्यासाठी हे दोन वेगळे शब्द, जसे काटोल आणि कामठी. म्हणून दादाचं सर्च रिकामं आलं. तो खरं बोलत होता, मीही खरं बोलत होतो, आणि आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांवर चिडून होतो. सगळ्या शब्दांतून मला फोल्डरला नाव द्यायला वऱ्हाडच सापडलं! पाहुणे म्हटलं असतं तर काही झालं नसतं.

हुशारी करून मी ७ अक्षरांचं फोल्डर डिलीट केलं. दहा मिनिटांत दादाचा फोन की पुण्याहून येणाऱ्यांची रेल्वे तिकिटं त्यात ठेवली होती, कुठे गेली. शेअर केलेल्या फोल्डरमधून एकाने उडवलं की सगळ्यांचंच उडतं, हे दुसऱ्यांना समजावून सांगणारा मीच होतो. कचरापेटीत ३० दिवस राहतं म्हणून वाचलो. परत आणलं. म्हणजे पुन्हा दोन.

इथपर्यंत ठीक होतं. खरी मजा बाबांच्या डेस्कटॉपने आणली.

बाबांचा पीसी असेम्बल्ड आहे, सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला, बारा-तेरा वर्षं झाली. त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल केव्हाचाच संपला. तो सेल घड्याळ चालू ठेवतो, पण आमच्या घरी कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आहेत आणि बाबा झोपताना बोर्डाचं मेन बटणच बंद करतात, की सकाळी पीसी उठला की त्याला वाटतं आज १ जानेवारी २०११. सेल बदलून घ्या म्हटलं की म्हणतात, चालून तर राहिला. आणि खरंच चालवतात ते. रोज सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसायचं, चष्मा वर, भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, चष्मा खाली, तारीख टाकायची, महिना टाकायचा, वर्ष टाकायचं, मग हातातलं घड्याळ कानाला लावून (ते चालू आहे याची खात्री) वेळ टाकायची. रजिस्टरवर सही करावी तसं. मग पहिलं काम.

मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, नवतपा लागायच्या आत लग्न उरकायचं म्हणून सगळे धावून राहिले, आणि त्या गडबडीत कोणीतरी कॅलेंडर पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. बाबांनी चार दिवस तारीख टाकली नाही.

आता चुकीच्या तारखेने काय बिघडतं? तर क्लाउडच्या सर्व्हरजवळ ओळखपत्रासारखं एक सर्टिफिकेट असतं, त्याला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०११ सालच्या माणसाला आजचं सर्टिफिकेट दाखवलं तर तो म्हणणारच, हे तर अजून लागूच झालं नाही. जोडणी नाकारतो. म्हणजे चार दिवस बाबांचा पीसी क्लाउडशी बोललाच नाही, पण बाबा बसून लिहीतच होते, कापत होते, भरत होते. इकडे आई फोनवरून तीच शीट भरत होती. पाचव्या दिवशी कॅलेंडर सापडलं, बाबांनी तारीख टाकली, आणि चार दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम वर चढलं.

अशा वेळी सिंकवालं ॲप, म्हणजे सगळ्यांच्या फाईली जुळवत राहणारं, पंचासारखं वागत नाही, जावयासारखं वागतं. दोन्हीकडून बदल झाले, खरं कोणतं? तुम्हीच बघून घ्या. शीटच्या आत काय लिहिलंय यात ते पडत नाही, एक प्रत तशीच ठेवतं आणि दुसरीच्या शेपटीला पीसीचं नाव आणि तारीख लावून देतं. "पाहुणे", आणि तिच्या खाली "पाहुणे, ॲडमिन-पीसीची कॉन्फ्लिक्टेड कॉपी". त्यात बाबांनी आधीच मोठ्या फोल्डरचं नाव "छोटीचं लग्न" बदलून "शुभविवाह" केलं होतं, कारण काय तर घरगुती वाटतं. दादाचा लॅपटॉप तेव्हा बंद होता, त्यात जुन्याच नावाच्या फोल्डरमध्ये त्याचे बदल पडून, तो उघडल्याबरोबर "छोटीचं लग्न" पुन्हा जन्माला आलं. म्हणजे शुभविवाह, छोटीचं लग्न, दोन्हीकडे वऱ्हाडाची पिल्लं, त्यात कॉपी. एक शीट म्हणते ६१२ माणसं, दुसरी ६४०, तिसरी ५८७.

केटररचा फोन दिवसातून दोनदा. "भाऊ, फायनल प्लेटा सांगा." मी म्हणायचो सिंक होऊन राहिलं. तो म्हणायचा, बरं, झालं की सांगा. त्याला वाटलं असेल घरात कोणी आजारी आहे.

आमच्या नागपूरला खरं म्हणजे दोनाचं काही नवल नाही वाटायला पाहिजे. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे इडापिडेची मोठी पुतळी, मिरवणुकीने निघते तीसुद्धा दोन, काळी वेगळी, पिवळी वेगळी, दोघींची भर रस्त्यात भेट होते आणि मग गावाची इडापिडा घेऊन दोघी जातात. पण त्या जातात हो. ही जात नव्हती. त्या वर्षी मारबतीत सिंकचा एखादा बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, कोणी काढला असता तर मी स्वतः खांदा दिला असता.

एका रात्री तिन्ही शीटा समोर घेऊन बसलो, ओळीने ओळ ताडून बघायला. आणि ८७ नंबरच्या ओळीशी आलो.

काटोल.

काटोलचे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांच्या मुलाच्या लग्नात बाबांना मानाची टोपी मिळाली पण मानाचा दुपट्टा मिळाला नाही. पुढच्या ओळीतल्या कोणालातरी दोन गेले म्हणे. त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून काटोलची संत्र्याची पेटी बंद आणि आमच्याकडून दिवाळीचा फोन बंद. या शीटमध्ये ती ओळ आईच्या प्रतीत होती आणि बाबांच्या प्रतीत नव्हती. मला वाटलं सिंकने खाल्ली. जुन्या आवृत्त्या उघडून बघितल्या. तर पहिल्या आठवड्यापासून, जेव्हा सगळं झकास चाललंय असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो तेव्हापासून, रोज सकाळी आठ-सव्वाआठला ती ओळ काढल्या जायची, आणि रोज दुपारी अडीचच्या आसपास, म्हणजे बाबा जेवून आडवे झाले की, पुन्हा भरल्या जायची. काटोलचे भाऊजी, माणसं ५. सकाळी गायब. दुपारी हजर. सकाळी गायब. एकदा तर रविवारी दोनदा. एकाच छताखाली, एका शब्दानेही न बोलता. जेवताना आई बाबांना "आणखी पोळी?" विचारायची, बाबा "अर्धी" म्हणायचे.

मी लॅपटॉप मिटला. कॉन्फ्लिक्टेड कॉपी म्हणे.

कोणाला काही बोललो नाही. दोन्ही वऱ्हाडं, तिन्ही शीटा, सगळं एकाखाली एक जोडलं आणि एक्सेलला म्हटलं डुप्लिकेट काढ. त्याने आज्ञाधारकपणे काढले, पण तो जे हुबेहूब सारखं आहे तेवढंच काढतो. आईने लिहिलेलं "काटोलचे भाऊजी" आणि दादाने त्याच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं "काका, काटोल" हे त्याला दोन गृहस्थ वाटले. केटररला ६५० प्लेटा सांगून टाकल्या, तो "झालं का सिंक?" म्हणाला, मी हो म्हटलं. पाकिटांवर नावं लिहायला पुण्याहून वहिनी आली होती. तिला आमच्या घरात येऊन दीड वर्ष, तिने यादीत जसं होतं तसं लिहिलं, मोत्यासारखं अक्षर, एका पाकिटावर "काटोलचे भाऊजी", दुसऱ्यावर "काका, काटोल", दोन्हींवर खाली सहकुटुंब सहपरिवार. एक पाकीट आईने गुपचूप मावसमामांच्या हाती पाठवलं. दुसरं काटोल-नरखेड लाइनच्या गठ्ठ्यातून रीतसर गेलं.

लग्नाच्या दिवशी लॉनवर मोठाले कूलर लागले होते आणि तरी सगळे पत्रिकेनेच वारा घेऊन राहिले होते. मी दाराशी गुलाबपाणी उडवायला उभा, बाबा माझ्या बाजूला. सफारी घातलेले काटोलचे काका समोरून आले, मागे सगळं घर, एकाच्या डोक्यावर संत्राबर्फीचे डबे. माझा हात तिथेच थांबला. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

काका सरळ बाबांसमोर येऊन उभे राहिले. खिशात हात घातला आणि दोन पाकिटं काढली.

"दादा, एकही येईन असं वाटलं नव्हतं बाप्पा. या दोन आल्या. एक वहिनीकडून दिसते, भाऊजी लिवलं हाये. अन् दुसरी?" जरा थांबले. "दुसरी वापस देऊ का? कोण्या दुसऱ्याची असन."

बाबांनी दोन्ही पाकिटं हातात घेतली. चष्मा वर केला, एक वाचलं. दुसरं वाचलं. आई मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग दोन्ही पाकिटं काकांच्या खिशात परत घातली आणि वरून खिसा थोपटला.

"ठेव. एक मूळ, एक स्थळप्रत," म्हणाले, आणि टोपी-दुपट्टेवाल्याला हाक मारली.