वाशीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : भरलेली डिस्क, वीस बाइटची फाइल आणि धरायचं कुणाला

वाशीकर,

तुमची प्रतिक्रिया सकाळी ठाणे स्टेशनात वाशी लोकलची वाट बघताना वाचली आणि रबाळे येईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. रबाळेनंतर लक्षात आलं की निम्म्या गोष्टी तुमच्या बरोबर आहेत.

बाकीच्यांसाठी मुद्दे थोडक्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बॅकअपवरचा माझा लेख वाचून वाशीकरांनी महापेच्या ऑफिसात वॉल आर्काइव्हिंग (वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही, ती सतत दुसरीकडे उतरवून ठेवणं) चालू केलं. काही दिवसांनी बॅकअपचा एनएएस (नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी) बंद पडला, ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर आठवडाभरात सर्व्हरची डिस्क भरली, डेटाबेस झोपला, अर्धा दिवस डिस्पॅच थांबलं. त्यांचं म्हणणं : सात वर्षं रात्री दोनला मुकाट चालणाऱ्या पीजी_डम्पने (अख्ख्या डेटाबेसची एका फाइलीत प्रत काढणारा प्रोग्राम) असं कधी केलं नव्हतं, शिवाय शेजारी रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत जुळवली जाणारी दुसरी प्रत) आहेच, मग हा उपद्व्याप कशाला? आणि फुकटचं सॉफ्टवेअर घेतल्यावर वेळ आली की गचांडी धरायची कुणाची? शेवटी टोला : "दुसऱ्याच्या सर्व्हरला औषध लिहून देताना पथ्यही लिहावं."

पथ्य राहिलं, कबूल. तो दोष सर्वस्वी माझा. आर्काइव्ह_कमांड, म्हणजे वॉलची प्रत्येक फाइल बाहेर नेणारी आज्ञा, अपयशी ठरत राहिली तर पोस्टग्रेस ती फाइल टाकून देत नाही, पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो आणि तोवर सगळ्या फाइली पीजी_वॉल फोल्डरमध्ये साठवतो. एकेक फाइल १६ एमबीची. त्यात माझ्या नमुन्यात आर्काइव्ह_टाइमआउट (किती वेळाने चालू फाइल बंद करून नवी घ्यायची) साठ सेकंद होता. म्हणजे थोडीजरी हालचाल असली तरी मिनिटाला एक फाइल, अर्धी रिकामी असली तरी १६ एमबीचीच. दिवसाच्या १,४४० फाइली, साधारण साडेबावीस जीबी. तुमचं डिस्पॅच चोवीस तास चालतं आणि १५० जीबी मोकळी होती असं तुम्ही लिहिलंय. आठवड्याचा हिशोब बरोबर जुळतो. जागा संपली की पोस्टग्रेस स्वतःला बंद करून घेतो. कमिट झालेलं, म्हणजे पक्कं नोंदलेलं, काही जात नाही, पण जागा होईपर्यंत दुकान बंद. रागाच्या भरात तुम्ही त्या फाइली हाताने उडवल्या नाहीत हे फार बरं केलंत. तसं करून डेटाबेसच गमावून बसलेले लोक आहेत. पीजी_स्टॅट_आर्काइव्हर नावाच्या व्ह्यूमध्ये किती वेळा अपयश आलं आणि शेवटचं कधी, हे दिसतं. त्यावर नजर ठेवा, एवढी एक ओळ लेखात हवी होती.

आता भांडण.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या माणसाने व्हेअर न लावता, म्हणजे कुठल्या नोंदी ते न सांगता, डिलीट मारलं, तर रेप्लिका ते इमानेइतबारे, बहुधा सेकंदाच्या आत, स्वतःवरही मारून घेते. ती मशीन मेलं तर उपयोगी, माणूस चुकला तर नाही. आणि तुमची रेप्लिका त्याच खोलीत आहे. (दुसरी प्रत ठाण्याला ठेवली की झालं, असं म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली होती.)

पीजी_डम्प वाईट नाही. तो त्या क्षणाचं सुसंगत चित्र देतो, मीही घेतो. पण रात्री दोनचा डम्प आणि संध्याकाळी सहाला घोटाळा, म्हणजे सोळा तासांची चलनं हवेत. वॉलचा सगळा खटाटोप त्या सोळा तासांसाठी असतो. तुमच्याकडे जुने मुनीमजी असतील तर त्यांना सांगून बघा, लगेच कळेल : व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो, मग खतावणीत. वॉल ही रोजकीर्द. बेस बॅकअप म्हणजे एका दिवशीची पक्की शिल्लक. खतावणी जळाली तर जुनी शिल्लक घ्यायची आणि रोजकीर्द पुढे लिहीत यायचं, पाच वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत. सहाचं ते डिलीट लिहायचं नाही, बस. बारमन काय, पीजीबॅकरेस्ट काय, ही बॅकअपची सॉफ्टवेअरं म्हणजे शिल्लक आणि कीर्द नीट सांभाळणारे कारकून आहेत.

"सात वर्षं त्रास नाही" हे वाक्य मात्र मला झोंबलं, कारण हेच वाक्य मी एकदा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उच्चारलं होतं. तिथे मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस होता. स्क्रिप्ट माझीच : डम्प काढायचा, पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून) फाइल आवळणाऱ्या जीझिपला द्यायचा, तारखेची फाइल करायची, तीस दिवसांपूर्वीची पुसायची. दिवाळीआधी एक जण नोकरी सोडून गेला म्हणून पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. डम्प रोज फसत होता. पण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो, आणि जीझिप बिचारा रिकामं पोतंही शिवून देतो. त्याची फाइल वीस बाइटची होते. रोज रात्री नवी तारीख, वीस बाइट, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन खूश. तीस दिवसांत शेवटची चांगली प्रतही माझ्याच स्क्रिप्टने पुसली. जानेवारीत डिस्क गेली तेव्हा तीन माणसं दोन आठवडे कागदी चलनांवरून नोंदी करत बसली होती. मी चौथा. त्रास नव्हता, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. पाइपफेल ही एक सेटिंग (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी निकाल अपयश धरणारी) लावून तो निकाल तपासला असता तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी उडवली. बॅकअप शोधायला गेले तर पीजी_डम्प ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो बरेच दिवस फसत होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी काढलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं.

आणि गचांडीचं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार एकदा शेवटपर्यंत वाचा, नुकसानभरपाईच्या कलमाशी पोचलात की गचांडी सुटते. फोन उचलणारा माणूस हवा असेल तर तो बारमनसाठी ईडीबी या कंपनीकडून आणि मायएसक्यूएलच्या एक्स्ट्राबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरसाठी पर्कोनाकडून पैसे देऊन मिळतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, माणूस नाही, हे मी लेखात ठळक लिहायला हवं होतं.

आर्काइव्हिंग तुम्ही बंद केलंय, म्हणजे कीर्दीची मधली पानं नाहीत. पुन्हा चालू कराल तेव्हा नवा बेस बॅकअप घेतल्याशिवाय जुन्यावर भरवसा ठेवू नका. टाइमआउट पाच मिनिटांचा करा. तोवर डम्प चालू द्या, पण येत्या शनिवारी एखादा जुना डेस्कटॉप मोकळा ठेवा. लेख माझा होता, तेव्हा मी महापेला येतो. कालचा डम्प त्याच्यावर उतरवून बघू, घड्याळ लावून. रोल (डेटाबेस वापरणाऱ्यांची खाती) आणि पासवर्ड डम्पमध्ये नसतात, ते वेगळे काढून ठेवा, नाहीतर अर्धा शनिवार त्यातच जाईल.