‘जिभेवर ताबा असता तर...’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला फक्त द्रव आहार का पाळायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर ते फार कडू झालं असतं, म्हणून थोडी थांबले.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक वेगळं असतं, मग दोन आठवड्यांचा आग्रह कशाला? तुमच्या मेहुण्यांनी आठव्या दिवशीच मऊ जेवण सुरू केलं आणि ते ठणठणीत आहेत. प्रोटीन पावडर हा निव्वळ धंदा आहे. मी लोकांना घाबरवते. मी डॉक्टर नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य : “जिभेवर ताबा असता तर ऑपरेशनची वेळच आली नसती, आता चार दिवस पातळ प्यायचं तर त्याचं एवढं काय कौतुक?”

वेळापत्रकाचं मान्य. काही ठिकाणी आठवडाभरानंतर मिक्सरमधून काढलेलं अन्न देतात, काही ठिकाणी दोन आठवडे थांबवतात. ‘साधारण’ हा शब्द मी लेखात वापरला होता, तो ठळक अक्षरांत हवा होता असं म्हणा हवं तर. आपल्या सर्जननी आणि आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद हाच शेवटचा शब्द. एवढं तुमचं.

पण ते मधलं वाक्य मी सोडणार नाही. समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून तुम्ही ते बोलला असता का?

जिभेचा ताबा म्हणता, तर आधी शरीरात काय होतं ते बघा. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग या शस्त्रक्रियेत जातो. त्यानंतर कित्येकांना सुरुवातीचे आठवडे, महिने पोटातली भूक जवळजवळ जाणवतच नाही. माणूस तोच, जीभ तीच, मन तेच. दोष जिभेचा असता तर जठराचा तुकडा काढल्याने भूक कशी कमी झाली असती? याचं उत्तर तुम्ही द्या.

आणि ताबा काय असतो ते मला शिकवू नका. शाळेत असल्यापासून मी वजन उतरवते आहे. परीक्षांच्या दिवसांतही अर्धपोटी राहिले आहे. लग्नाआधी उतरवलं, बाळंतपणानंतर उतरवलं. दर वेळी ते परत आलं आणि येताना थोडं जास्तच घेऊन आलं. वजन घटलं की शरीर ऊर्जा कमी खर्च करायला लागतं आणि भुकेची संप्रेरकं वाढवतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तुमचंच वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलं, शिक्षकांकडून ऐकलं आणि एकदा तर गुडघे दाखवायला गेले होते त्या डॉक्टरांकडूनही ऐकलं. तुम्ही नवीन काही सांगितलेलं नाही.

आता ‘चार दिवस पातळ प्यायचं’ याबद्दल. ते दिवस अवघड जातात ते खायला मिळत नाही म्हणून नव्हे, प्यायला जमत नाही म्हणून. जठराला सूज असते, आत जागा अगदी थोडी. औषधाचा तो छोटा प्लास्टिकचा कप असतो ना, ३० मिलिलिटरचा, तो घेऊन बसायचं आणि पंधरा मिनिटांत तेवढंच संपवायचं. फोनला गजर लावून ठेवायचा. गजर झाला की पुढचा कप. या गतीने दीड लिटर व्हायला साडेबारा तास लागतात, म्हणजे जागेपणीचा जवळजवळ सगळा दिवस. त्यातच रोजचं ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन बसवायचं. एक घोट घाईत मोठा गेला की छातीच्या मधल्या हाडामागे कळ येते, तोंडाला पाणी सुटतं आणि प्यालेलं फेसासारखं वर येतं. स्ट्रॉ नाही, कारण हवा आत जाते. सोडा नाही. गोड पेय नाही, जठराची बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्यांना तर त्याने धडधड, घाम आणि जुलाब होऊ शकतात. घरात बाकीच्यांची ताटं वाढलेली असतात आणि आपण कप हातात घेऊन घड्याळाकडे बघत बसलेलो असतो. मी त्या दिवसांत रडले आहे. भुकेने नाही, थकव्याने. याला कौतुक म्हणायचं नसेल तर म्हणू नका, पण हिणवूही नका.

मला राग आला तो फक्त माझ्यासाठी नाही. माझ्याकडे रोज निरोप येतात. शस्त्रक्रिया झालेली माणसं विचारतात, “उलट्या होतायत, पण डॉक्टरांना सांगू का? ओरडतील.” कारण त्यांनी कुठेतरी एक घास खाल्लेला असतो आणि त्याची त्यांना लाज वाटत असते. तुमच्यासारखी वाक्यं ऐकूनच ही लाज तयार होते. जठरावरची टाक्यांची रांग भरून यायला काही आठवडे लागतात, तोवर घास अडकून ओकाऱ्या झाल्या की तिथे ताण पडतो. त्या टाक्यांतून गळती झाली तर नाडी १२०च्या वर जाते, ताप येतो, दम लागतो, कधी डाव्या खांद्यात दुखतं. तेव्हा तासातासाला महत्त्व असतं. उलट्या दिवसेंदिवस चालल्या तर थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपतं, शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ते संपलं की चालताना तोल जातो, डोळ्यांसमोर एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळतो, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. अशा वेळी ‘माझ्याच जिभेचा दोष’ म्हणून गप्प बसणारा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. तुमची प्रतिक्रिया त्याने वाचली तर तो फोन करील की गप्प बसेल?

म्हणून सुराबद्दल बोलते आहे. “मुद्द्यावर बोला” असं तुम्ही म्हणाल याची खात्री आहे. माझ्या लेखी हाच मुद्दा आहे.

बाकीचं झटपट. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे, तो वाचला असता तर टंकण्याचे कष्ट वाचले असते. पावडरीवर वेगळं लिहीन, इथे तो वाद नको. आणि ‘लोकांना घाबरवता’ हा आरोप मी मोजतच नाही.

राहता राहिले तुमचे मेहुणे. ते बरे आहेत याचा खरंच आनंद आहे. पण एकाला सोसलं म्हणून दुसऱ्याला सांगायचं नसतं. त्यांना माझ्याकडून एवढंच विचारा : जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. आणि बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व शेवटचं कधी तपासलं? बी-१२ची कमतरता अंगावर दिसायला वर्षंही जातात, बाहेरून माणूस ठणठणीतच दिसतो. वर्ष उलटून गेलं असेल तर त्यांना या आठवड्यातच रक्त तपासून घ्यायला सांगा.