टॅलबॉटची दोन पुस्तकं राहिलीच

ब्रिटिश कॉमिक्सकार ब्रायन टॅलबॉटवरचा लेख आवडला, पण टॅलबॉट म्हणजे ‘ल्यूथर आर्कराइट’ आणि ‘ग्रँडव्हिल’ ही कॉमिक्स एवढंच, असा वाचणाऱ्याचा समज होईल. त्याच्या ‘द टेल ऑफ वन बॅड रॅट’ या चित्रकादंबरीचा साधा उल्लेखही नाही, हे काही पटलं नाही बुवा. बापाच्या लैंगिक अत्याचारामुळे घर सोडलेली हेलन, सोबतीला पाळलेला उंदीर, लंडनचे फुटपाथ आणि मग बालसाहित्यिका बिआट्रिक्स पॉटरचा, इंग्लंडमधला लेक डिस्ट्रिक्ट. १९७०च्या दशकात अंडरग्राउंड (मुख्य प्रवाहाबाहेरची) कॉमिक्स करणारा, पुढे ‘२००० एडी’ या ब्रिटिश कॉमिक्स साप्ताहिकात ‘नेमेसिस’ ही मालिका काढणारा हा माणूस इथे इतकं सरळ सांगतो की कॉमिक्स कधी हातात न धरलेल्यालाही कळावं.

आणि २०१२चं ‘डॉटर ऑफ हर फादर्स आइज’? लेखन बायकोचं, मेरीचं, चित्रं याची. याने चित्रात सासूबाईंना झालरीचा एप्रन चढवला, तर मेरीने तळटीप टाकली की आई असलं काही कधीच घालत नसे. चित्र न बदलता दोघांनी तळटीपेसकट छापलं! याच पुस्तकाला चरित्र विभागात कोस्टा हा ब्रिटिश साहित्य पुरस्कार मिळाला, ग्राफिक पुस्तकाला पहिल्यांदाच. ‘ग्रँडव्हिल’चा बॅजर इन्स्पेक्टर झकासच आहे, पण लेखात त्याच्यावर तीन परिच्छेद म्हणजे जरा जास्तच झाले.