कमरेएवढी बाग

कंबर धरली की डॉक्टर तीन गोष्टी बंद करतात. पुढे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि हातात वजन असताना कमरेतून वळायचं नाही. आपण फाइल काखेत मारून उठलो की ते मागून सांगतात, "मन रमवा कशात तरी. बागकाम करा थोडं." आता बागकाम म्हणजे काय? तर पुढे वाकून, वजन उचलून, कमरेतून वळणे. बहुधा ते स्वतः बाग करत नसावेत.

तरीही आम्ही कंबरवाले बाग करतो, कारण दुसरं काय करणार? टीव्हीसमोर बसावं, तर बसण्यालाही वीस मिनिटांची मर्यादा आहे. उभं राहून करण्यासारखे छंद तसे थोडेच. त्यातला गॅलरीत उभं राहून समोरच्या विंगमध्ये काय चाललंय ते बघण्याचा छंद फार काळ जोपासता येत नाही. हातात झारी असली, की तोच छंद राजरोस होतो.

खरा शत्रू रोप नव्हे, कुंडी. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती बसते. ती काळी माती असेल आणि पाणी घातलेलं असेल, तर वजन वीस किलोंच्या पुढे जातं. शिवाय तिला कान नसतात, त्यामुळे ती बाळासारखी छातीशी धरावी लागते आणि उतरवताना मात्र हात लांब करून, कमरेत वाकून ठेवली जाते. कळ येते ती इथे. म्हणून आमच्या बागेची हद्द आठ इंची कुंडी, फार तर दहा. त्यात मोगरा, मिरची, तुळस, पुदिना सुखाने राहतात. आंब्याची कोय रुजवायची इच्छा प्रत्येकालाच होते. ती होऊ द्यावी आणि दुर्लक्ष करावं. जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाताना तर सोबत एक धडधाकट माणूस न्यावा. उचलायला नव्हे, अडवायला.

आता उंची. कुंड्या जमिनीवर नकोत एवढं सगळ्यांनाच कळतं, मग लोक ओट्याच्या उंचीचं, बत्तीस-तेहतीस इंची स्टँड करून आणतात. त्यावर दहा इंची कुंडी ठेवली की माती जाते बरगडीपर्यंत. वाकणं वाचतं, पण खांदे वर ओढून काम केल्याने मान धरते आणि नवी फाइल उघडावी लागते. हिशोब स्टँडचा नाही, मातीचा करायचा. ताठ उभं राहावं, कोपर काटकोनात वाकवावं, तळहात जिथे येईल त्याच्या तीन-चार इंच खाली माती हवी. साधारण उंचीच्या माणसाला हे चौतीस ते सदतीस इंच भरतं. त्यातून कुंडीची उंची वजा केली की उरतं ते स्टँड. फॅब्रिकेशनवाला विचारतो, "एवढंसंच?" त्याला म्हणावं, हो, एवढंसंच.

एक-दोन मोठ्या कुंड्या आधीपासूनच घरात असतील, तर त्यांच्याखाली चाकांचा पाट. पंधरा इंची चौकोनी प्लाय, चार कोपऱ्यांना चार चाकं, त्यातल्या दोन चाकांना ब्रेक. ब्रेक ही चैन आहे असं दुकानात वाटतं. घरी आल्यावर आठवतं, की गॅलरीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून कोपऱ्यातल्या जाळीकडे उतरती केलेली असते. बिनब्रेकची जास्वंद रात्रीतून जाळीवर जाऊन बसते आणि पाणी तुंबवते. ढकलताना कमरेने नव्हे, पायांनी जोर लावायचा, आणि ओढायचं नाही. उंबरठा आला की थांबायचं. उंबरठ्यापाशी "एकदाच उचलतो" म्हणणाऱ्यांची ओळख पुढे फिजिओथेरपीच्या रांगेत होते.

मातीचं वजन कमी करायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन भाग माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट स्वस्त पडते म्हणून पाच किलोंची घेऊ नये. ती भिजली की सत्तरेक लिटर होते. बादलीत ठेवून आपण चहा घ्यायला गेलो, तर परत आल्यावर बादली शोधावी लागते. साडेसहाशे ग्रॅमची लहान वीट घ्यावी. चार लिटर पाण्यात ती आठ-नऊ लिटर होते आणि दोन-तीन कुंड्या भागतात. भिजल्यावर एकदा पिळून पुन्हा धुवायची, कारण काथ्यात क्षार असतात आणि ते राहिले की पानांच्या कडा करपतात. मिसळायचं काम पोत्यावर उकिडवं बसून करण्याची परंपरा आहे. ती इतरांनी चालवावी. आम्ही जेवणाच्या टेबलावर, परातीत, दोन-दोन किलो करतो. कुठली परात, हा प्रश्न घरात विचारला जाईल. उत्तर आधी तयार ठेवावं.

मणक्यांमधल्या चकत्याही कोकोपीटच्याच जातीच्या. रात्रभर आडवं पडलं की पाणी शोषून फुगतात; सकाळी आपण एखाद सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळे. अशा टम्म चकतीवर पुढे वाकून ताण दिला, तर ती जास्त कुरकुरते. म्हणजे पहाटे उठून गवत खुरपण्याचं काव्य आम्हाला बंद. उठल्यावर पहिला तासभर बागेकडे नुसतं बघायचं, हात मागे बांधून, रिटायर्ड साहेबासारखं. नंतर काम, तेही बारा-पंधरा मिनिटांचा गजर लावून. गजर वाजतो तेव्हा नेमकं "हे एवढं एक" उरलेलं असतं. सगळा घात ह्या "एवढं एक"नेच होतो. आणि पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर बाग बंद, डॉक्टर चालू. तिथे विनोद नाही.

पाणी घालणं दिसायला सोपं. दहा लिटरची झारी दहा किलोंची होते आणि ती एकाच हातात असते, म्हणजे सगळा माणूस एका बाजूला कलतो. त्यापेक्षा दोन हातांत एकेक लिटरच्या दोन बाटल्या. फेऱ्या वाढतात, पण चालायला तर डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे. झोपून काढायच्या दिवसांसाठी मात्र वात लावावी, समईसारखी. नायलॉनची जाड दोरी घ्यायची. सुती दोरी काही आठवड्यांत कुजते. कुंडी भरतानाच तळाच्या भोकातून चार-पाच इंच आत घ्यायची आणि खालचं टोक झाकणाला भोक पाडलेल्या पाण्याच्या डब्यात सोडायचं. दोरी आधी ओली करायची आणि पहिलं पाणी वरून घालायचं, नाहीतर कोरडी दोरी कोरड्या मातीत नुसती बसून राहते आणि आपण पाठ टेकून बागेच्या भरवशावर असतो. डब्याचं झाकण घट्ट हवं. उघड्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि कंबरदुखीवर उपाय म्हणून डेंग्यू कोणी सुचवलेला नाही.

कोथिंबीर हे आमचं खास पीक, कारण तिच्यासाठी व्यायामाइतकाच संयम लागतो. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे खरं तर दोन बिया. धणे पोळपाटावर पसरून लाटणं फिरवायचं, तेही पुरणपोळीच्या हाताने. टच्च आवाज आला आणि दाण्याच्या दोन वाट्या झाल्या की थांबायचं. जोर लावला तर धणेपूड होते. ती वाया जात नाही, पण उगवतही नाही. रात्रभर भिजवून, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरायचं. कोंब यायला आठ ते बारा दिवस. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर मंडईतच उगवते. एप्रिलमध्ये पेरली तर पानं धरण्याआधीच फुलावर जाते, तेव्हा उन्हाळ्यात तिच्यावर जीव टाकू नये.

रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. आमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. त्यावर काय संशोधन झालंय ते बघण्यापेक्षा खिडकीच्या गजांना गोकर्ण चढवावी. बी रात्रभर भिजवून लावलं की दीड-दोन महिन्यांत निळी फुलं येतात, आणि ती पलंगावर आडवं पडूनच चांगली दिसतात. हा छंद उताण्या माणसासाठीच केलेला आहे.

राहता राहिला पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या देठाशी कापसाच्या बोळ्यांसारखा चिकटतो. सोबत मुंग्यांची ये-जा दिसली, तर तो आलाच समजावं, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. अंगावर मेणचट पूड असल्याने नुसती फवारणी ओघळून जाते. आधी जुन्या टूथब्रशने खरवडायचं, मग लिटरभर कोमट पाण्यात थोडा द्रवसाबण, त्यात पाच मिली निंबोळी तेल, आणि ऊन उतरल्यावर फवारणी. दर आठवड्याने, तीन वेळा. पण हा प्राणी राहतो पानाच्या खाली. खालून बघायचं तर मान वाकडी, कंबर वाकडी. त्यासाठी दाढीचा आरसा. ताठ उभं राहून तो पानाखाली धरायचा आणि तिरका करत न्यायचा. शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून बघतात आणि घरात जाऊन सांगतात, "कमरेचं डोक्यात गेलं हो. झाडाला तोंड दाखवतायत."