पालक एकेकटे बरे

नवी शाळा काढलीत, अभिनंदन! मान्यता आली, शाळेचा सरकारी ओळख क्रमांक म्हणजे यू-डायस मिळाला, पिवळी बस दाराशी उभी राहिली. आता एकच गोष्ट मार्गी लावायची राहिली, ती म्हणजे पालक. मुलांना सांभाळायला शिक्षक आहेत, शिक्षकांना सांभाळायला मुख्याध्यापिका आहेत, पालकांना मात्र तुम्हालाच सांभाळावं लागतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एकटा पालक हा अत्यंत सज्जन प्राणी असतो. तो फी भरतो, ‘हो मॅडम’ म्हणतो आणि पाल्याची गाऱ्हाणी मान खाली घालून ऐकतो. तेच तीनशे पालक एका ठिकाणी जमले की त्यांना कायदे आठवू लागतात.

आणि कायदे आहेत, हीच तर पंचाईत. राज्याचा २०११चा शुल्क विनियमन कायदा सांगतो की शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करा. प्रत्येक पालक त्याचा सभासद. त्यातून कार्यकारी समिती काढायची. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांतला, सचिव शिक्षकांतला, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवड करायची, निम्म्या जागा महिलांना. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव तुम्ही सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा आणि मंजुरी तिने द्यायची. म्हणजे जूनमध्ये शाळा भरत असेल तर डिसेंबरच्या मध्याआधी हिशेबाच्या वह्या पालकांपुढे उघडायच्या! घाम फुटला असेल तर पुसा. कायदा समिती मागतो, आणि समिती ही पहिल्यांदा कागदावरच जन्माला येते.

सभा बुधवारी सकाळी साडेअकराला ठेवा. सूचना मंगळवारी दुपारी, डायरीत, गणिताच्या गृहपाठाखाली. नोकरी करणारे येणार नाहीत, दुकान असलेले येणार नाहीत, आणि मंगळवारी डायरी पाहणाऱ्यांनाच ती दिसेल. तरीही गणपूर्तीची काळजी नको. ऑगस्टमध्ये दंततपासणी शिबिराला जे शंभर-सव्वाशे पालक येतात, त्यांच्या सह्या घेताना हजेरीपत्रकाच्या वर विषय लिहू नका. विषय मागाहून लिहिता येतो. इतिवृत्त मात्र आधीच लिहून ठेवावं, कारण सभेनंतर लिहिलं तर सभेत प्रत्यक्ष काय झालं ते त्यात शिरण्याचा धोका असतो.

समितीसाठी इच्छुकांचे अर्ज मागवावे लागतात, ते जरूर मागवा. अर्ज ऑफिसात मिळतील, ऑफिसची वेळ साडेदहा ते साडेअकरा, आणि अर्ज ज्या क्लार्ककडे आहेत ते रजेवर. शेवटी अर्ज येतात ते धाकट्याचा नर्सरी प्रवेश अडकलेल्या पालकांचे, गॅदरिंगचा मांडव घालणाऱ्यांचे आणि गणवेश पुरवणाऱ्यांचे. एवढ्याच चिठ्ठ्या डब्यात असल्या की सोडत अगदी पारदर्शक होते. व्हिडिओसुद्धा काढा.

कार्यक्रमपत्रिकेत ‘शुल्कवाढ’ हा शब्द नसावा. पहिला विषय क्रीडादिन, दुसरा स्नेहसंमेलन, तिसरा डब्यातले चटपटीत पदार्थ. हा तिसरा विषय अनमोल आहे. पोळी-भाजी विरुद्ध नूडल्स यावर पालक चाळीस मिनिटं आपापसात भांडतात आणि दमतात. मग येतात ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. फी नेहमी ऐनवेळीच येते. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, चहा. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच तीस टक्के मागा आणि भावुक होऊन अठरावर या. प्रतिनिधी टाळ्या वाजवतील. शिक्षण शुल्काची ओळ फारशी हलवू नये, पालक तेवढीच मागच्या वर्षीशी ताडून पाहतात. वाढ संगणक, डिजिटल फळा, उपक्रम, ॲप अशा खालच्या ओळींत विखरून टाका. कायद्याच्या लेखी हे सगळं मिळूनच फी होते, पण कायदा पावती वाचायला घरी येत नाही.

आता खरी मख्खी. फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं तर नंतरच्या दुरुस्तीनुसार किमान पंचवीस टक्के पालकांनी मिळून जावं लागतं. तुमच्याकडे बाराशे मुलं असतील तर हा आकडा तीनशेच्या घरात जातो. तुमचं सगळं शैक्षणिक नियोजन या एका आकड्याभोवती हवं. एखादा पालक किती चिडलाय याची चिंता करू नका, त्याच्याकडे किती जणांचे नंबर आहेत ते पाहा.

म्हणून व्हॉट्सॲप गट तुकडीवार असावेत आणि ‘फक्त ॲडमिन’ असावेत. शाळा सुटण्याच्या वेळेत तुकडी-तुकडीगणिक दहा मिनिटांचं अंतर ठेवा, कारण विचारलं तर वाहतूक कोंडी. फाटकासमोरच्या झाडाखाली बाक असेल तर तो उचलून स्टोअररूममध्ये टाका, अनेक आंदोलनं बाकावरच सुरू होतात. आणि दरवर्षी तुकड्या मोडून नव्याने पाडा. मुलांना नवे मित्र मिळतात असं परिपत्रकात लिहा. ते खरंही आहे, पण त्याच वेळी वर्षभरात जुळलेल्या आयांच्या ओळखीही मोडतात.

राहिला पालकभेटीचा दिवस, तेव्हा मात्र सगळे एकाच वेळी आवारात असतात. प्रत्येकाला सात मिनिटं द्या. बसायला मुलांचाच बाक द्या, गुडघे छातीशी आले की आवाज आपोआप खाली येतो. शिक्षिकेने सुरुवात ‘तसा हुशार आहे, पण...’ अशी करावी. त्या ‘पण’नंतर अक्षर, चंचलपणा, अपूर्ण वह्या असं पाच मिनिटं चाललं की बसभाड्याचा प्रश्न विचारायला आलेले वडील शिकवणी लावावी का असं विचारत बाहेर पडतात. शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई करतं. तेव्हा शिकवणी शिक्षकाच्या नव्हे, त्यांच्या सौभाग्यवतींच्या नावाने असावी, हे वेगळं सांगायला नको.

पालकांना एकटं ठेवण्यापेक्षा सरस उपाय म्हणजे त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं. इथे त्याच कायद्याचं कलम १२ तुमच्या मदतीला येतं. प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, सोडत ऑनलाइन निघते, आधी शाळेजवळची मुलं, मग लांबची. त्यांचा खर्च शासन भरून देतं. १७,६७० रुपये प्रति विद्यार्थी असा दर वर्षानुवर्षं राहिला, आणि तोही वेळेवर येत नाही. ही थकबाकी खरी आहे, तुमची व्यथाही खरी आहे, म्हणूनच ती वाया घालवू नका. शासनाकडे भांडण्याऐवजी फी भरणाऱ्या पालकांच्या कानात हळूच सांगा की ‘आरटीई’वाल्यांमुळे तुमची फी वाढते. झालं, दोघांतलं कोणीही दुसऱ्याच्या अर्जावर सही करणार नाही. त्या मुलांकडून पुस्तकं, गणवेश यांचे पैसे घेता येत नाहीत, तर ‘ऐच्छिक’ लिहून घ्या. जो देणार नाही त्याचं मूल सहलीच्या दिवशी ग्रंथालयात बसेल.

फेब्रुवारी २०२४मध्ये शासनानेच एक अधिसूचना काढून तुमची सुटका केली होती. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने या जागा द्यायची गरज नाही, असा तो नियम. उच्च न्यायालयाने मेमध्ये त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्दच केला. ही चाल पालकांच्या आणि संघटनांच्या याचिकांनी उधळली. पालक एकत्र आले की काय होतं याचं याहून बोलकं उदाहरण तुमच्या स्टाफरूममध्ये लावायला मिळणार नाही.

बाकीच्या समित्या फलकापुरत्या. परिवहन समिती, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, अंतर्गत तक्रार समिती, सगळ्यांचे फ्लेक्स एकाच छपाईत करून घ्या. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४च्या अत्याचाराच्या घटनेनंतर तपासणीला येणारे आधी फलक पाहतात. फलकावरच्या शिक्षिका दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या असतील तरी त्यांचा मोबाइल नंबर कोणी लावून पाहत नाही. अडचणीत सापडलेली सातवीतली मुलगी लावून पाहील, पण ती तपासणी पथकात नसते. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसवा. कुलूप चांगल्या कंपनीचं घ्या.

एवढं करूनही एखादा मुलाला काढून न्यायला निघालाच, तर दाखला अडवा. आठवीपर्यंत दाखला ताबडतोब द्यावा लागतो, न देणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा दाखल्याअभावी प्रवेश लांबवू शकत नाही. हे तिन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५मध्ये लिहिलंय आणि पालकांच्या डायरीत कुठेही छापलेलं नाही. डायरीची मागची पानं तुमच्या शाळागीतासाठी राखून ठेवा.

सर्वांत जपून राहायचं ते शांत माणसापासून. तो सभेत बोलत नाही, गटावर लिहीत नाही. तो माहिती अधिकारात अर्ज करतो, आणि तोही तुमच्याकडे नव्हे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे, कारण कार्यकारी समितीची तुम्ही पाठवलेली यादी तिथे असते. मग त्याला कळतं की तिसरीचे पालक प्रतिनिधी म्हणून ज्यांची सही आहे त्यांची मुलगी मागच्याच वर्षी पुण्याला गेली. अशा माणसाशी भांडू नका, त्याला धमकावूही नका. पुढच्या जुलैत चिठ्ठी त्याच्याच नावाची निघू द्या. वीस-पंचवीस जणांत तो एकटा असेल, मुदत एका वर्षाची असेल, आणि ‘सर्वानुमते मंजूर’च्या खाली आता त्याचीही सही असेल. तो सही करायला नकार देईल, अशी शक्यता आहे. ‘भिन्न मत’ लिहिण्यासाठी नोंदवहीत रकाना आखलेला नाही ना, ते आजच पाहून घ्या.