मुलुंडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: व्हॉल्व्हला बूच मारू नका

‘गीझर गळतोय? आधी कुठून ते बघा’ या माझ्या लेखावर मुलुंडकर या नावाने एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: “काका, घरबसल्या गुगल वाचून लोकांना घाबरवू नका. ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला आमच्या प्लंबरने सरळ बूच मारलं, आईच्या बाथरूममधला गीझर पाच वर्षं मस्त चालू आहे. मुंबईचं पाणी मऊ असताना दरवर्षी टाकी उघडून साफ करा म्हणजे सर्व्हिसवाल्यांचा धंदा. आणि १५ लिटरच्या गीझरमधून अर्धा लिटर पाणी ठिबकेल म्हणता, ते येणार कुठून?”

चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

मुलुंडकर, काका म्हणालात त्याचं काही नाही, वय झालंच आहे. पण ‘घरबसल्या गुगल वाचून’ हे मला लागलं. माझे वडील परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तोपर्यंत. मी डबा घेऊन गेलो की ते मला गेजची काचेची नळी दाखवायचे, आत पाणी कुठवर आहे ते बोटाने दाखवायचे. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर व्हॉल्व्हवर राग काढायचा नाही, आधी खालची आग बघायची, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. पुढे मी स्वतः ठाणे-बेलापूर पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. गॅस्केट कापताना गेलेलं बोटाचं टोक अजून थंडीत दुखतं. तेव्हा मी जे लिहितो ते कुठून येतं, हे विचारायला हरकत नव्हती. तुम्ही विचारलं नाहीत, ठरवून टाकलंत. शंका असेल तर ती शंकेसारखी विचारावी. चार लोक वाचतात तिथे ‘घाबरवू नका’ असं सुनावणं मला पटलेलं नाही.

आता बुचाबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच एक वाक्य असं आहे की ते वाचून कुणाच्या घरात उद्या अपघात होईल, म्हणून यावरच लिहितो.

आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब असायचा. त्याचं तोंड उघडं, पाणी तापलं, फुगलं, वर आलं, विषय संपला. गीझर ही बंद टाकी आहे. २५ अंशांचं पाणी ७० अंशांवर नेलं की ते साधारण दोन टक्के फुगतं. पाणी दाबलं जात नाही, त्याला कुठेतरी जायला लागतं. थंड पाण्याच्या बाजूला जो मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आत एक झडप पाणी मागे जाऊ देत नाही, आणि दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला, घरगुती गीझरमध्ये बहुधा ८ बार, की दुसरी झडप उघडून थोडं पाणी बाहेर सोडते. गीझर चालू असताना त्या तोंडातून पडणारे थेंब म्हणजे गळती नाही. व्हॉल्व्ह काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.

त्या तोंडाला बूच मारलं की दाब टाकीवर, फ्लँजवर (कॉइल जिथे बसते ते बोल्टांनी आवळलेलं झाकण) आणि जोडांवर जातो. रोज सकाळी. नळ उघडला की उतरतो, पुन्हा स्विच लावला की चढतो. आमच्याच सोसायटीतला असा एक गीझर मी स्वतः उघडलाय. फ्लँजचं काळं रबर एका बाजूने कानाच्या पाळीसारखं बाहेर आलं होतं, दोन बोल्टांखाली तपकिरी ओघळ वाळलेले, आणि टाकीच्या आतल्या इनॅमलला शिवणीजवळ केसाएवढा तडा. खालच्या घरातल्या वहिनी सहा महिने छताचा डाग दाखवत होत्या आणि सगळे टाइल्सच्या सांध्यांना पांढरं सिमेंट भरत बसले होते. स्फोट झाला नव्हता. पण थर्मोस्टॅट चिकटला आणि त्याच्यामागचा कट-आउटही (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) गेला, तर २००० वॉटची कॉइल तापवतच राहते, आणि त्या वेळी बाहेर पडायला एकच वाट उरते. तीच तुम्ही बंद केली आहे.

“पाच वर्षं काही झालं नाही.” कदाचित तुमच्या व्हॉल्व्हमधली मागे न सोडणारी झडप खराब होऊन उघडीच राहिली असेल, आणि फुगलेलं पाणी निमूटपणे गच्चीवरच्या टाकीकडे परत जात असेल. काही जुन्या इमारतींत गीझर वर्षानुवर्षं एक थेंबही टाकत नाहीत ते यामुळेच. कदाचित फ्लँजमधून पाझरत असेल आणि कव्हरच्या आत वाळत असेल. कदाचित टाकी अजून सोसत असेल. यातलं काय खरं, हे तुमच्या प्लंबरने बघितलं का? मला वाटत नाही. थेंब थांबला आणि पैसे घेतले.

थेंब सतत पडत असेल, गीझर बंद असतानाही, तर मात्र बघायला हवं, आणि हे लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. एक तर झडपेत कचरा अडकलाय, नाहीतर इमारतीचा दाबच जास्त आहे. दहा मीटर उंचीला साधारण १ बार धरा. वीस मजली टॉवरच्या खालच्या घरांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर गीझर तापायच्या आधीच ६ बारच्या आसपास असतो. तिथे दोष व्हॉल्व्हचा नाही, सोसायटीच्या पाइपांचा आहे. पाणी व्हॉल्व्हच्या तोंडातून न येता खालच्या कव्हरच्या वायरच्या भोकातून येत असेल, तर स्विच लगेच बंद, कारण आत कॉइलची कनेक्शनं आहेत. आणि घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर एमसीबीच्या भरवशावर राहू नका, तो माणसाला बसणाऱ्या शॉकसाठी नसतो.

अर्ध्या लिटरचं तुमचं बरोबर आहे. तो आकडा २५ लिटरच्या गीझरचा. १५ लिटरमधून पूर्ण तापेपर्यंत ३०० मिलिलिटरच्या आसपास येईल. लेखात दुरुस्ती केली आहे.

मऊ पाण्याबद्दल आणि धंद्याबद्दल फार लिहीत नाही. तलावांचं पाणी मऊ असतं हे मलाही माहीत आहे. टँकर आणि बोअरवेलचं नसतं, आणि मुंबईत कुणाच्या टाकीत काय मिसळतं हे ज्याचं त्याला माहीत. या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही, तेव्हा तो आरोप मी वाचला आणि सोडून दिला.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पण ज्या बाथरूमबद्दल आपण बोलतोय ते तुमच्या आईंचं आहे, म्हणून भांडण बाजूला ठेवून सांगतो. आज रात्री गीझरचा एमसीबी पाडा. सकाळी टाकी थंड झाली की इनलेटचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, दाब उतरू द्या, मग खाली बादली ठेवून चांगल्या माणसाकडून व्हॉल्व्हच बदलून घ्या. पाच वर्षं बुचाखाली राहिलेल्या झडपेवर विश्वास ठेवू नका. नव्या व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत न्या, टोक उघडं ठेवा. त्याच वेळी कव्हर उघडून फ्लँजचं रबर बघायला सांगा. नंतर गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका, आणि त्या दिवशी आईंना पाणी गॅसवर तापवून द्या.