ए.एफ.एस. नंबरावर ड्रॅगचं गणित उरकू नका

बेळगावातल्या उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'वाळू चाळा, ए.एफ.एस. नंबर (वाळूच्या सरासरी बारीकपणाचा आकडा) काढा, त्यावरून सरासरी कण धरा आणि ड्रॅगच्या, म्हणजे हवा कणाला किती ओढते त्याच्या, सूत्रात घाला. मिश्र कणांचं वेगळं गणित हा पीएचडीवाल्यांचा उद्योग.' वापरलेली वाळू साफ करायला फ्लुइड बेड (खालून हवा सोडून वाळू उकळल्यासारखी हलती ठेवणारा थर) बसवणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये.

'सरासरी पुरते.' अर्धं खरं. अख्ख्या थरातून हवा जाताना दाब किती पडतो, एवढंच हवं असेल तर पृष्ठभागावरून काढलेली सरासरी घालून अर्गनचं 1952 चं सूत्र वापरा, चालतं. पण आपला प्रश्न असतो, राहणार कोण आणि उडणार कोण. 50 मायक्रॉनचा वाळूचा सुटा कण हवेत सेकंदाला साधारण 18 सेंटिमीटर खाली येतो, 200 मायक्रॉनचा जवळपास दीड मीटर. हवा अर्ध्या मीटरच्या वेगानं वर सोडली की बारीक सायक्लोनकडे (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या भांड्याकडे) निघतो, जाडा परत पडतो. 150 मायक्रॉनची सरासरी धरलीत तर गणित सांगतं, काहीच उडणार नाही! खानापुरात भात उफणताना दाणा आणि फोल यांची सरासरी कोण काढतं? शिवाय ए.एफ.एस. नंबर एकच, पण चाळणीगणिक वजनं निराळी, अशा दोन वाळू असू शकतात.

'मग प्रत्येक आकाराला वेन-यूचं ड्रॅगचं सूत्र वेगळं लावा.' हा सल्ला जास्त घातक, कारण तो शास्त्रशुद्ध दिसतो. 1966 चं ते सूत्र सगळे शेजारी एकाच मापाचे धरतं. जाड्याभोवती बारीक कण दाटले की हवेच्या वाटा अरुंद होतात, जाड्यावरची ओढ सूत्रापेक्षा वाढते. बारकावरची कमी भरते. व्हॅन डेर हूफ, बीटस्ट्रा आणि क्वीपर्स यांनी 2005 मध्ये संथ प्रवाहासाठी लॅटिस-बोल्ट्झमन या संगणकावर प्रवाह सोडवायच्या पद्धतीनं 58 वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या. व्यासांचं प्रमाण 1:4 असेल तर एकेका कणावरची ओढ प्रचलित सूत्रांपेक्षा पाचपटीपर्यंत वेगळी निघू शकते, असं त्यांना दिसलं.

'त्यांच्या गणितातले कण म्हणजे गोल मणी, आपली वाळू टोकदार.' कबूल. पण टोकांमुळे आकारांचा फरक पुसला जात नाही, त्यात भरच पडते.

'प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर बघून घेतं.' ड्रॅगचं सूत्र कोणतं, हे आपणच निवडतो, मामा.

निदान चाळणीच्या प्रत्येक थाळीचं वजन वहीत ठेवा, तीन-चार आकारगट करा, मिश्र कणांची दुरुस्ती असलेलं सूत्र लावा. मग सायक्लोनखालची धूळ त्याच चाळणीवर टाकून गणिताशी ताडून बघा.